अणुभट्टीचा लगाम संगणकाच्या हाती द्यावा का?

एखादी अणुभट्टी म्हातारी झाली असे आपण म्हणतो तेव्हा तिच्यातले नेमके काय म्हातारे झालेले असते? पुष्कळांच्या मनात पहिल्यांदा इंधन येईल. पण इंधन संपले तर नवे घालता येते. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते. किरणोत्सर्ग अडवणारी काँक्रीटची जाड भिंत तर सहजासहजी दमत नाही. संशोधनासाठी आणि शिक्षणासाठी बांधलेल्या लहान भट्ट्यांत बहुधा सर्वांत आधी थकते ती नियंत्रण कक्षातील यंत्रणा. मापकांचे काटे अडखळू लागतात, जोड सैल होतात, तारांवरचे आवरण तडकते, आणि एक दिवस असा येतो की जळालेल्या व्हॉल्व्हच्या जागी बसवायला दुसरा व्हॉल्व्हच मिळत नाही.

जगात आज दोनशेहून अधिक संशोधन अणुभट्ट्या चालू आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भट्ट्यांनी चाळिशी ओलांडली आहे. तेव्हा हा प्रश्न एखाद्या देशापुरता नाही. या भट्ट्यांचे नियंत्रण डिजिटल करावे काय, आणि केल्यास कोठपर्यंत करावे, हा वाद सध्या फक्त तज्ज्ञांच्या बैठकीत होतो. तो तुमच्या वर्गातही व्हावा असे मला वाटते. माझे मत आधीच सांगून टाकतो. मोजणे, नोंदवणे, दाखवणे आणि रोजचे चालवणे ही सारी कामे संगणकाकडे खुशाल द्यावीत. पण भट्टी बंद करण्याचा शेवटचा अधिकार एकट्या संगणकाच्या प्रोग्रॅमवर सोपवू नये. असे का, ते थोड्या पदार्थविज्ञानातून आणि थोड्या अंकगणितातून पाहू.

अमेरिकेत इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठ आहे. तेथील विद्युत अभियांत्रिकीच्या इमारतीत, जमिनीच्या पातळीखाली, पाण्याने भरलेल्या एका खोल हौदाच्या तळाशी एक अणुभट्टी आहे. तिचे नाव पीयूआर-१. ती १९६२ साली सुरू झाली. तिची परवान्याप्रमाणे कमाल शक्ती १२ किलोवॉट. म्हणजे आपल्या न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे सहा गिझर एकदम लावले की जेवढी उष्णता निघेल तेवढीच! या भट्टीतून वीज निर्माण करीत नाहीत. विद्यार्थ्यांना शिकवणे आणि न्यूट्रॉनांवर प्रयोग करणे एवढेच तिचे काम. या भट्टीची साठच्या दशकातील यंत्रणा, तिच्यातले व्हॉल्व्ह आणि हाताने डाख दिलेल्या तारा काढून तेथे संपूर्ण डिजिटल यंत्रणा बसवण्यात आली आणि २०१९ साली अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने तिला मान्यता दिली. पूर्णपणे डिजिटल नियंत्रणावर चालण्याचा परवाना मिळालेली ती अमेरिकेतील पहिलीच अणुभट्टी.

जुनी यंत्रणा काढली ती काही फॅशन म्हणून नव्हे. व्हॉल्व्ह बनवणारे बहुतेक कारखाने केव्हाच बंद झाले. शिवाय आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. जुनी यंत्रणा ज्यांनी हाताने जोडली, तिच्या खोडी ज्यांना पाठ होत्या, ती माणसे निवृत्त होतात. कागदावरच्या आकृतीत नसलेले पुष्कळसे ज्ञान त्यांच्याबरोबर निघून जाते.

याची दुसरी बाजू आपल्याकडे पाहावयास मिळते. मुंबईला तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते, पण तिच्या नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली आपल्याच लोकांनी बनवली. ज्यांनी ती बनवली त्यांना ती दुरुस्तही करता येत होती, हे वेगळे सांगायला नको. याच कामातून पुढे १९६७ साली हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभी राहिली. जुनी अप्सरा २००९ साली थांबवण्यात आली, आणि त्याच ठिकाणी २ मेगावॉटची नवी ‘अप्सरा-यू’ १० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. एका भट्टीच्या नियंत्रण पेटीतून एक उद्योग जन्माला येतो, तो ती पेटी बाहेरून विकत न घेता स्वतः बनवली म्हणून. आज डिजिटल यंत्रणा निवडतानाही हा विचार सुटता कामा नये.

आता नियंत्रण म्हणजे काय ते पाहू. युरेनियमचा एक अणुगर्भ फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतील सरासरी एकाने पुढचा गर्भ फोडला तर भट्टी एकाच पातळीवर चालत राहते. समजा एकाऐवजी १.००१ न्यूट्रॉन, म्हणजे हजाराच्या जागी एक हजार एक न्यूट्रॉन, पुढच्या पिढीत गेले. फरक क्षुल्लक वाटतो ना? पण न्यूट्रॉनांची एक पिढी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपते असे धरा. एका सेकंदात दहा हजार पिढ्या होतील. आता १.००१ चा दहा हजारावा घात काढा. लॉग टेबल असेल तर दोन मिनिटांचे काम आहे. उत्तर येते सुमारे बावीस हजार! एका सेकंदात भट्टीची शक्ती बावीस हजार पट. अशी भट्टी कोणत्याही माणसाला चालवता आली नसती, आणि कोणत्याही यंत्रालाही.

सुदैवाने निसर्गाने येथे आपल्याला सवलत दिली आहे. युरेनियम-२३५ च्या भंजनातून निघणाऱ्या दर हजार न्यूट्रॉनांपैकी साधारण साडेसहा न्यूट्रॉन लगेच बाहेर न येता काही सेकंदांनी, काही तर मिनिटभराने बाहेर येतात. यांना विलंबित न्यूट्रॉन म्हणतात. हे थोडे आळशी न्यूट्रॉन सबंध भट्टीची चाल मंद करतात. मघाच्याच उदाहरणात आता शक्ती दुप्पट व्हायला पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. नियंत्रक दांडा हळूहळू वर-खाली करून भट्टी हाताळता येते ती केवळ यामुळे. मात्र दांडा फार वर घेतला, आणि आळशी न्यूट्रॉनांची वाट न पाहताच साखळी वाढू लागली, की ही सवलत संपते. नियंत्रण यंत्रणेची सारी धडपड त्या सीमेपासून दूर राहण्याची असते.

त्यासाठी दोन गोष्टी सतत कळाव्या लागतात. आत्ता शक्ती किती आहे, आणि ती किती झपाट्याने वाढते आहे. पहिली गोष्ट सोपी वाटते, पण नाही. भट्टी सुरू करताना शक्ती एका मिलिवॉटच्या आसपास असेल आणि पुढे ती दहा किलोवॉटपर्यंत न्यायची असेल, तर मोजायची राशी एक कोटी पट बदलते. साध्या सरळ मोजपट्टीवर हे कसे मावणार? पुण्यापासून नागपूरपर्यंत लांब असलेल्या पट्टीवर मुंगीची लांबी पाहण्यासारखेच ते झाले. म्हणून तेथे लॉगची पट्टी वापरतात. तिच्यावर दर दहा पटीला एकसारखे अंतर पडते. कोटीसाठी सात घरे पुरतात.

जुन्या यंत्रणेत हा लॉग काढणारे कोणी गणित करीत नव्हते. ते काम एखादा डायोड करीत असे. डायोडमधील प्रवाह दहापट झाला की त्याच्या दोन टोकांतील दाब सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढतो, हा अर्धवाहक डायोडचा स्वभावच आहे. व्हॉल्व्हच्या काळात याच कामासाठी विशेष प्रकारचा निर्वात डायोड असे. म्हणजे निसर्गानेच लॉग टेबल तयार करून ठेवले होते. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते. पण तिला एक खोट आहे. हे ६० मिलिव्होल्ट निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतात. नियंत्रण कक्षातील पेटी २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली तर त्यांत तीन टक्क्यांहून अधिक फरक पडतो. त्याची भरपाई करणारे सर्किट जोडावे लागते. ते सर्किटही वर्षानुवर्षांनी सरकते, आणि मग दर वेळी कोणीतरी पेचकस घेऊन ते जागेवर आणायचे.

डिजिटल यंत्रणेत मापकाकडून आलेला संकेत आधी अंकांत बदलतात आणि मग लॉग हिशेबाने काढतात. अंकाला ऊन लागत नाही. येथे एक गणित करून पाहा. कोटीपर्यंतची प्रत्येक पायरी वेगळी दाखवायची तर द्विमान पद्धतीत किती अंकी संख्या लागेल? दोनाचा चोविसावा घात एक कोटी सदुसष्ट लाखांच्या जवळपास येतो. तेव्हा चोवीस अंक हवेत. म्हणून व्यवहारात खालच्या पातळीवर एकेक न्यूट्रॉनचा स्पंद मोजतात आणि वरच्या पातळीवर स्पंद एकमेकांत मिसळू लागले की त्यांचा सलग प्रवाह मोजतात. एकातून दुसऱ्यात जाण्याचा सांधा सांभाळणे जुन्या काळी ऑपरेटरचे कसब होते. संगणक तो सांधा सहज जोडतो. वाढीचा वेगही तो अधिक स्वच्छ काढतो, कारण मागच्या शेकडो नोंदी त्याच्याजवळ असतात. पूर्वी कागदाच्या गुंडाळीवर शाईची लेखणी आलेख काढीत असे. शाई वाळली की नोंद गेली!

एवढे फायदे असताना ‘जुने ते सोने’ म्हणून हटून बसणाऱ्यांशी माझे जमत नाही. असे लोक आहेत, आणि त्यांतील काही पदार्थविज्ञानाचे उत्तम शिक्षक आहेत. काट्याचे मापक पाहून विद्यार्थ्याला जे कळते ते पडद्यावरच्या आकड्याने कळत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्यावरून साठ वर्षांपूर्वीचे सर्किट अणुभट्टीवर ठेवावे असे ठरत नाही. ते काचेच्या कपाटात ठेवावे आणि मुलांना उघडून दाखवावे.

मात्र दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत आणि आजकाल त्यांचा आवाज मोठा आहे. नवे म्हणजे टिकाऊ, डिजिटल म्हणजे बिनचूक, असा त्यांचा समज असतो. व्हिएन्ना येथील विद्यापीठीय अणुभट्टीचे उदाहरण घ्या. ती १९६२ साली सुरू झाली. तिला १९९२ मध्ये डिजिटल यंत्रणा बसली, आणि २०१५ मध्ये ती डिजिटल यंत्रणाही बदलावी लागली. तेवीस वर्षे! आमच्या महाविद्यालयातही हा अनुभव आहे. कोळशाच्या धुराने काळे पडलेले जुने गॅल्व्हानोमीटर अजून चोख चालतात, आणि एका कंपनीकडून घेतलेले अंकीय उपकरण मात्र सात वर्षांत निकामी झाले. का, तर त्याचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नाही आणि कंपनी जुना आता देत नाही. उपकरणाला काही झालेले नाही. तेव्हा डिजिटल करणे म्हणजे प्रश्न एकदाचा सोडवणे नव्हे. दर वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा खर्च करण्याची तयारी ठेवणे असा त्याचा अर्थ आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. भट्टी चालवणे ही एक गोष्ट आणि ती बंद करणे ही अगदी वेगळी गोष्ट.

शिकागो विद्यापीठात २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी जगातील पहिली अणुभट्टी चालवली. तेथे एक दांडा दोराला टांगला होता आणि वेळ पडल्यास दोर तोडण्यासाठी नॉर्मन हिल्बेरी हे शास्त्रज्ञ कुऱ्हाड घेऊन उभे होते. आणखी एक दांडा आपोआप पडणारा होता. त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच तो धाडकन पडला. धोका काहीच नव्हता. तो पडण्याची पातळी फार खालची ठेवली गेली होती एवढेच. सगळे जेवायला गेले आणि दुपारी प्रयोग पूर्ण झाला. मला ही घटना महत्त्वाची वाटते. पहिल्याच भट्टीची संरक्षण यंत्रणा चुकली, पण चुकली ती सुरक्षिततेच्या बाजूला.

पर्ड्यूसारख्या हौदातील भट्टीत आज कुऱ्हाडीची जागा विद्युतचुंबकाने घेतली आहे. न्यूट्रॉन शोषून घेणारे सुरक्षा दांडे विद्युतचुंबकाने वर धरलेले असतात. प्रवाह तुटला की चुंबकत्व गेले आणि दांडा आपल्या वजनाने खाली पडला. वीज गेली, तार तुटली, फ्यूज उडाला, काहीही झाले तरी परिणाम एकच. गुरुत्वाकर्षणाला सुटे भाग लागत नाहीत आणि ते संपावरही जात नाही. डिजिटल यंत्रणा आली तरी पर्ड्यूचे दांडे असेच पडतात. प्रश्न एवढाच उरतो की चुंबकाचा प्रवाह तोडायचा निर्णय कोणी घ्यायचा.

साधारणपणे हा निर्णय एका मापकावर सोपवत नाहीत. महत्त्वाच्या राशीसाठी तीन स्वतंत्र मापके ठेवायची आणि तिघांपैकी दोघांनी ‘बंद’ म्हटले की भट्टी बंद, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. यामागचे गणित तुम्ही दहावी-बारावीत शिकता. समजा वेळेवर सूचना देण्यात एक मापक शंभरातून एकदा चुकते. तिघांपैकी किमान दोन एकाच वेळी चुकण्याची शक्यता किती? तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडीसाठी शंभरात एक गुणिले शंभरात एक. म्हणजे दहा हजारांत सुमारे तीन. शंभरात एकापासून आपण दहा हजारांत तीनपर्यंत आलो. किती स्वस्तात मिळालेली सुरक्षितता!

पण थांबा. हा गुणाकार करण्याचा अधिकार आपल्याला केव्हा असतो? तिन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. व्हॉल्व्हची तीन सर्किटे एकाच क्षणी सारखीच बिघडण्याची शक्यता अगदी कमी. मात्र तीन संगणकांत एकच प्रोग्रॅम घातलेला असेल, तर? तीन मुलांनी एकाच मुलाच्या वहीवरून गणित उतरवले आणि तिघांचे उत्तर जुळले म्हणून ते बरोबर, असे कोणता शिक्षक मानेल? मूळ वहीत चूक असेल तर ती तिन्ही वह्यांत एकाच ओळीवर असणार. तेथे दहा हजारांत तीन हा आकडा निरर्थक ठरतो आणि आपण पुन्हा शंभरात एकावर येतो.

हे नुसते तर्कट नाही. युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण ४ जून १९९६ रोजी पहिल्या उड्डाणातच चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्यात दिशा सांगणारे दोन संगणक होते, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. दोघांतही एकच प्रोग्रॅम होता, आणि तो आधीच्या एरियान-४ मधून जसाच्या तसा उचललेला. नवे बाण अधिक वेगवान. त्याच्या आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ३२,७६७ या मर्यादेपलीकडे गेली, ती ठेवायला जागा पुरेना, आणि राखीव संगणक व मुख्य संगणक एकापाठोपाठ एक, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, त्याच कारणाने थांबले.

त्याहून दुःखद गोष्ट थेरॅक-२५ ची. कॅनडातील सरकारी अणुऊर्जा कंपनीने बनवलेले ते कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. त्याच्या आधीच्या यंत्रात, थेरॅक-२० मध्ये, चुकीच्या स्थितीत किरण सुटू नयेत म्हणून यांत्रिक व विद्युत अटकाव होते. नव्या यंत्रात ते काढून टाकले आणि सारा भार प्रोग्रॅमवर टाकला. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना अतोनात किरणोत्सर्ग झाला आणि त्यांतील काही दगावले. त्यांतील एक चूक तर आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. तपासणी करायची की नाही हे सांगणारी एक संख्या होती: शून्य असेल तर तपासणी नको, इतर काहीही असेल तर हवी. प्रोग्रॅम दर फेरीला तीत एक मिळवत असे. ती संख्या आठ द्विमान अंकांच्या घरात ठेवलेली होती, आणि त्या घरात २५५ पर्यंतच मावते. २५५ मध्ये एक मिळवला की पुन्हा शून्य! दर दोनशे छप्पन्नाव्या फेरीला तपासणी गाळली जात होती. नेमक्या त्याच क्षणी कोणी बटण दाबले तर? एकदा तसे झाले. आणि मन विषण्ण करणारा भाग असा की प्रोग्रॅममधील एक चूक जुन्या थेरॅक-२० मध्येही सापडली. तेथे ती कोणाला इजा करू शकली नव्हती, कारण तारांचे अटकाव मध्ये उभे होते.

माझ्या मताला विरोध करणारे म्हणतील, रिलेही चिकटतात. खरे आहे. रिलेचे संपर्क वितळून जुळले तर प्रवाह तुटत नाही. ते असेही म्हणतील की डिजिटल यंत्रणा स्वतःची तपासणी दिवसातून हजारदा करते, आणि रिलेची तपासणी माणूस महिन्यातून एकदा करतो. हेही खरे आहे, आणि या मुद्द्याला मी पूर्ण किंमत देतो. पण रिले कोणकोणत्या प्रकारे बिघडू शकतो याची यादी एका पानावर मावते. हजारो ओळींचा प्रोग्रॅम कोणकोणत्या प्रकारे बिघडू शकतो याची यादी कोणालाच करता येत नाही. म्हणून दोन्ही ठेवावेत, आणि त्यांची जात वेगळी असावी असे माझे म्हणणे आहे. डिजिटल मार्गाने चुंबकाचा प्रवाह तुटावाच. शिवाय एक साधा, प्रोग्रॅम नसलेला मार्ग मापकापासून थेट चुंबकापर्यंत जावा, आणि एक लाल बटण तारेनेच त्या चुंबकाला जोडलेले असावे. नवी यंत्रणा घेताना काटकसर करायची झाली तर ती पडद्यांच्या संख्येत करावी. या एका तारेत करू नये.

हा प्रयोग बारा किलोवॉटच्या भट्टीवर आधी झाला हे मला योग्य वाटते. तेथे इंधनात साठणारी उष्णता इतकी थोडी की हौदातले पाणीच ती शांतपणे सामावून घेते. तुर्भे येथील १०० मेगावॉटच्या ‘ध्रुव’सारख्या भट्टीची गोष्ट निराळी, ती बंद केल्यावरही इंधन पुष्कळ काळ थंड करीत राहावे लागते. लहान भट्टीवर शिकावे आणि मग मोठीकडे जावे.

डिजिटल यंत्रणेचा आणखी एक मोह असतो. अंक तारेवरून कोठेही पाठवता येतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एका उपक्रमात अर्जेंटिनातील बारिलोचे येथील आरए-६ या भट्टीवरील प्रयोग दुसऱ्या देशांतील विद्यार्थ्यांना थेट दाखवले गेले आहेत. आपल्याकडे विद्यापीठाच्या आवारात अणुभट्टी नाही, तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना अशी सोय मिळाली तर मला आनंदच होईल. पण ज्या तारेने अंक बाहेर जातात तिने काही आतही येऊ शकते. ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी या अणुविद्युत केंद्रात जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ हा संगणकीय उपद्रव शिरला आणि सुरक्षिततेची माहिती दाखवणारे पडदे जवळजवळ पाच तास बंद पडले. केंद्र तेव्हा चालू नव्हते, आणि त्या पडद्यांना पर्याय म्हणून ठेवलेली जुनी अ‍ॅनालॉग मापके शाबूत होती. आपल्या कुडनकुलम केंद्राच्या कार्यालयीन संगणकात २०१९ मध्ये असाच उपद्रव सापडला. भट्टीचे नियंत्रण त्या जाळ्यापासून वेगळे होते.

यावर एक सुंदर उपाय आहे आणि तो निखळ पदार्थविज्ञानाचा आहे. भट्टीच्या बाजूला प्रकाश देणारा डायोड, बाहेरच्या बाजूला प्रकाश ओळखणारा डायोड, मध्ये काचेचा तंतू. आतून बाहेर प्रकाश जातो. बाहेरच्या टोकाला दिवाच नाही, तर उलट काय येणार? कितीही हुशार प्रोग्रॅम लिहिला तरी नसलेला दिवा पेटवता येत नाही.

शेवटी तुमच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग सुचवतो. लोखंडी खिळ्यावर तार गुंडाळून विद्युतचुंबक करा आणि त्याने एक जड बोल्ट धरून ठेवा. हा तुमचा सुरक्षा दांडा. चुंबकाचा प्रवाह ट्रान्झिस्टरमधून न्या आणि तो ट्रान्झिस्टर आर्डुइनोसारख्या लहान संगणकाने चालवा. आधी सरळ जोडणी करा: संगणकाच्या पायावर ५ व्होल्ट असेतो बोल्ट धरलेला, शून्य झाले की पडलेला. आता प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक कधीही न संपणारी फेरी घाला. संगणक अडकेल, ५ व्होल्ट तसेच राहतील आणि बोल्ट हलणार नाही, तुम्ही पडण्याची आज्ञा देणारे बटण कितीही दाबले तरी.

मग जोडणी बदला. संगणकाचा पाय आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये एक लहान धारित्र व दोन डायोड घाला. ट्रान्झिस्टरच्या बाजूला दुसरे धारित्र आणि त्याला समांतर एक रोध. प्रोग्रॅमने आता पाय सतत वर-खाली करीत राहायचे, सेकंदाला हजारदा. धारित्रातून बदलता प्रवाह जातो, स्थिर प्रवाह जात नाही. प्रोग्रॅम धडधडत असेल तोवरच बोल्ट धरलेला राहील. तो कोठेही अडकला, पाय ५ व्होल्टवर अडको की शून्यावर, बोल्ट खाली येईल. चोर आल्यावर ओरडणारा पहारेकरी आणि रात्रभर काठी आपटत फिरणारा गुरखा यांच्यात जो फरक आहे तोच या दोन जोडण्यांत आहे. काठीचा आवाज थांबला की आपण उठून पाहतो. खऱ्या अणुभट्ट्यांच्या संरक्षण यंत्रणांतही हे तत्त्व वापरतात.

घरातली वीज वापरू नका, बॅटरीवरच करा. चुंबकाच्या वेटोळ्याला एक डायोड उलटा जोडायला विसरू नका, नाहीतर प्रवाह तुटताना ट्रान्झिस्टर जळेल. आणि बोल्टाखाली जुन्या चादरीची चांगली जाड घडी ठेवा.